अखंडात पडलेला खंड

मराठी ही भावनेची भाषा आहे, नेमकेपणाची नव्हे, हा समज आपल्या सुशिक्षित वर्गात फार दिवसांपासून घर करून आहे. अलीकडे त्याला एक नवा पुरावा जोडला जातो. जे न तुटता, न थांबता चालू राहते, त्यासाठी इंग्रजीत शब्द तरी किती पाहा, असे सांगण्यात येते. कंटिन्युअस वेगळा, कंटिन्युअल वेगळा, इन्सेसंट वेगळा, पर्पेच्युअल त्याहून वेगळा. आणि आपल्याकडे काय, तर 'सतत' आणि 'चालू'. आमच्याच मंडळाच्या एका बैठकीत एका विद्वान स्नेह्यांनी हे विधान केले आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. चहाची वेळ झालेली असल्याने तिथे उत्तर देणे राहून गेले. ते येथे देत आहोत.

प्रथम इंग्रजीचीच बाजू तपासू. ज्यात कोठेही फट नाही ते कंटिन्युअस. जे थोड्या थोड्या अवकाशाने पुनःपुन्हा होत राहते ते कंटिन्युअल. उघड्या नळाची धार पहिल्या प्रकारची, आणि झिजलेल्या तोटीतून रात्रभर पडणारे थेंब दुसऱ्या प्रकारचे. इन्सेसंटच्या पोटात थांबण्याचा नकार आहे. पर्पेच्युअलला अंतच नाही. म्हणून नोंदलेल्या कंपनीला कायदा 'पर्पेच्युअल सक्सेशन' देतो, म्हणजे सभासद मेले तरी कंपनी मरत नाही. भेद सुरेख आहेत, यात शंका नाही. पण ते इंग्रजीला जन्मजात लाभले आहेत असे मानणाऱ्यांनी त्या भाषेचा इतिहास चाळावा. कंटिन्युअल हा शब्द चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे, कंटिन्युअस सतराव्या शतकातला. दोन्हींचे मूळ एकाच लॅटिन शब्दात, 'एकत्र धरून ठेवणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. आणि चांगले चांगले लेखक हे दोन शब्द पुष्कळ काळ एकमेकांच्या जागी वापरीत आले. त्यांच्यामधली भिंत नीट बांधली गेली ती व्याकरणाच्या आणि शब्दप्रयोगाच्या चिकित्सकांकडून. फाउलर यांच्या १९२६ सालच्या कोशाने ती घराघरांत पोहोचवली. तरीही सामान्य इंग्रज ती भिंत रोज ओलांडतोच.

सामान्य माणसाचे सोडा, कायद्याचे पाहा. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे पाचवे कलम सुविधाधिकारांचे कंटिन्युअस आणि डिसकंटिन्युअस असे दोन वर्ग करते. खिडकीतून येणारा उजेड पहिल्या वर्गात, कारण तो माणसाने काही न करता मिळत राहतो. शेजाऱ्याच्या जमिनीतून जाण्याची वाट दुसऱ्या वर्गात, कारण चालणारा चालेल तेव्हाच ती उपभोगली जाते. विभागणी उत्तम. पण कंटिन्युअसची व्याख्या करताना कायदा शब्द कोणता वापरतो? कंटिन्युअल! ज्या दोघांमध्ये आमचे स्नेही डोंगर उभा करतात, त्यांतल्या एकाची व्याख्या इंग्रज मसुदाकारांनी दुसऱ्याच्या आधारे केली आणि कोणाचेही अडले नाही. नोकरीत असताना हे कलम आम्ही अनेकदा उघडले आहे, आणि प्रत्येक वेळी थोडे हसलो आहोत.

आता आपण त्या संपन्न कुटुंबातून काय आणले ते पाहू. इन्सेसंट नाही, पर्पेच्युअल नाही. कंटिन्युअस-कंटिन्युअलचा भेदही नाही. आणले ते फक्त 'कंटिन्यू' हे क्रियापद, आणि तेही क्रियाविशेषण करून. 'कंटिन्यू पाऊस पडतोय', 'तो कंटिन्यू बोलतो', 'पाठ कंटिन्यू दुखते'. ही वाक्ये मराठी नाहीत हे उघड आहे, पण ती इंग्रजीही नाहीत. इंग्रजीच्या पहिल्या परीक्षेतच ती नापास होतील.

शिवाय या क्रियापदात अखंडतेची हमी मुळात नाहीच. जेवणाच्या सुट्टीनंतर सभा 'कंटिन्यू' झाली असे इंग्रज खुशाल म्हणतो. म्हणजे मध्ये खंड पडला असला तरी हा शब्द चालतो. 'लग्नानंतर तिने शिक्षण कंटिन्यू केले' या वाक्यावरून तिने शिक्षण सोडलेच नव्हते, की सोडून पुन्हा धरले, हे कोणी सांगावे? मराठीत 'चालू ठेवले' आणि 'पुन्हा सुरू केले' यांमध्ये त्या मुलीच्या आयुष्याची चार-दोन वर्षे मावतात. त्या वर्षांत तिच्या घरी काय झाले, कोणी अडवले, कोणी पाठीशी उभे राहिले, हे विचारण्याची जागा मराठी वाक्यात शिल्लक राहते. 'कंटिन्यू'ने ती बुजवून टाकली.

आणि आपल्या घरात काय होते? एखादा कोश न उघडताही हिशेब मांडता येतो. जागेच्या बाबतीत न तुटलेले ते 'सलग'. सीमाभागातल्या वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा आणि भौगोलिक सलगता ही चार सूत्रे आमच्या पिढीने पाढ्यांबरोबर पाठ केली आहेत. एकामागून एक, मध्ये तिसरे न येता घडणारे ते 'लागोपाठ'. एका बैठकीत, दुसऱ्यांदा लेखणी न उचलता लिहिलेले ते 'एकटाकी'. टाक गेला, बोरू गेला, शब्द मात्र राहिला. ज्याला कोणी अडवू शकले नाही ते 'अव्याहत'. ज्यात करणाऱ्याने विसावा घेतला नाही ते 'अविश्रांत'. पिढ्यांची साखळी न तुटता आली तर 'अविच्छिन्न'. पावसाचे तर विचारूच नका. बेळगावात आषाढात लागते ती 'झड'. बारीक पण न थांबणारी ती 'रिपरिप'. जोर धरून कोसळत राहते ती 'संततधार'. तिन्हींत पाऊस थांबत नाही, पण छत्री घ्यावी की घोंगडे, की घरातच बसावे, ते शब्दावरूनच ठरते. या तिघींना हाकलून आपण त्यांच्या जागी 'कंटिन्यू पाऊस' आणून बसवला.

मग 'खाडा' घ्या. दूधवाल्याचा खाडा, मोलकरणीचा खाडा, तालमीचा खाडा. 'बारा वर्षे एकही खाडा न करता' असे म्हटले की रोजचा नेम डोळ्यांपुढे येतो. रोजचा नेम म्हणजे अहोरात्र चालणारी क्रिया नव्हे. दिवसातून एकदा, पण चुकायचे नाही. हाच तो कंटिन्युअल, ज्याच्या अभावी मराठी दरिद्री ठरवली गेली! तो आमच्या गोठ्यात आणि आखाड्यात शतकानुशतके नांदत होता. सभागृहात मात्र त्याला कोणी ओळखले नाही.

'अखंड' या शब्दाजवळ थोडे थांबले पाहिजे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री वीणा जमिनीवर ठेवली जात नाही. पण एकच वारकरी सात दिवस उभा असतो काय? नाही. पहारे लावलेले असतात. एकाच्या गळ्यातून वीणा निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. माणूस बदलतो, जेवतो, झोपतो. वीणा मात्र खाली टेकत नाही. नंदादीपाचे तेच: वात बदलते, तेल घातले जाते, ज्योत विझू दिली जात नाही. म्हणजे 'अखंड' या मराठी कल्पनेत, तुटू नये म्हणून कोणी तरी जागे आहे, हे गृहीत आहे. ही अखंडता कोणीतरी सांभाळलेली असते. इंग्रजीच्या कंटिन्युअसमध्ये हे नाही. तिथे नदीही कंटिन्युअस, भिंतही कंटिन्युअस. हा काही इंग्रजीचा दोष नव्हे. पण दोन शब्द एकमेकांचे पर्याय आहेत असे समजून एक टाकणे आणि दुसरा घेणे, हा व्यवहार तोट्याचा आहे. ज्या भाषेने आपल्या सर्वांत लाडक्या काव्यप्रकाराचेच नाव 'अभंग' ठेवले, तिला न तुटण्याविषयी बोलता येत नाही असे म्हणणे धाडसाचे खरेच.

नामे आणि विशेषणे राहू द्या. मराठीची खरी श्रीमंती क्रियापदांत आहे, आणि तिकडे आमच्या स्नेह्यांचे लक्षही गेले नाही. तो बोलत राहिला: थांबावे असे वाटत असूनही थांबला नाही. तो बोलत बसला: वेळ वाया घालवला. तो बोलत सुटला: स्वतःवर ताबा उरला नाही. तो बोलत गेला, आणि ऐकणारे ऐकत गेले. तो हे गेली वीस वर्षे बोलत आला आहे: मागचा सारा काळ त्या वाक्यात बांधला गेला. राहणे, बसणे, सुटणे, जाणे, येणे. पाच साधी क्रियापदे, पहिलीतल्या मुलाला येणारी. त्यांनी सातत्य तर सांगितलेच, वर बोलणाऱ्याचे त्याविषयीचे मतही सांगितले. 'तो कंटिन्यू बोलतो' या वाक्यात यांपैकी कोणता अर्थ आहे? कोणताच नाही. शाळेत इंग्रजीच्या तासाला ज्याला कंटिन्युअस काळ म्हणून शिकवतात, त्याला मराठी व्याकरण 'अपूर्ण' काळ म्हणते, हेही येथे नोंदवून ठेवू. एकाच क्रियेत एका भाषेला न तुटणे दिसले, दुसरीला न संपणे. दोन्ही दृष्टी खऱ्या आहेत.

हे सारे शब्दांचे खेळ आहेत, निवृत्तीनंतरचा विरंगुळा आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. आमच्या सेवाकाळात एका कार्यालयात (नाव घेण्याचे कारण नाही) एका पंपचालकाची फाईल आमच्यापुढे आली. गावाच्या पाण्याच्या पंपावर तो अकरा वर्षे रोजंदारीने होता. दर ८९ दिवसांनी त्याला दोन दिवस हजेरीपटावरून काढले जाई आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतले जाई. पंप त्या दोन दिवसांतही चालूच असे आणि चालवणाराही तोच असे. हजेरीपटावर नाव नसे इतकेच. त्याने ग्रॅच्युइटीसाठी अर्ज केला तेव्हा फाईलवर इंग्रजीत एका ओळीची टिप्पणी पडली, सेवा 'कंटिन्युअस' नाही. त्याला ती वाचून दाखवली, अर्थ सांगितला. तो म्हणाला, "साहेब, खंड पडला असेल. मी पाडलेला नाही."

वाचकहो, या उत्तरात कायदा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या २५-ब कलमाने कंटिन्युअस सेवेची व्याख्या करताना बराच मजकूर खर्च केला होता. आजारपण, मंजूर रजा, अपघात, बेकायदेशीर नसलेला संप, टाळेबंदी, किंवा कामगाराचा दोष नसताना बंद पडलेले काम, यांमुळे झालेला व्यत्यय हा व्यत्यय धरायचा नाही, असे ते कलम सांगत होते. आणि एवढ्यातही जो बसत नाही त्याने बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम केले असेल, तर त्याचीही वर्षभराची सेवा अखंड मानायची. १९७२ च्या ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही हेच तत्त्व होते, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती व्याख्या उचलली. या सर्व मजकुराचे सार एवढेच, की खंड पडणे वेगळे आणि खंड पाडणे वेगळे. इंग्रजीला जे सांगायला परिच्छेद लागला, ते मराठी एका अक्षराच्या कान्याने सांगते, आणि न शिकलेल्या पंपचालकाला ते आपोआप कळते. टिप्पणी लिहिणाऱ्या पदवीधराला कळले नाही, कारण त्याने 'कंटिन्युअस' हा शब्द कोठेही न पाडता आणि कोठेही न पडता, नुसता पुस्तकातून उचलला होता. ती फाईल पुढे चार वर्षे हिंडली. त्याला पैसे मिळाले ते न्यायालयातून, आणि मिळाले तेव्हा त्याची नोकरीची वर्षे संपून गेली होती.

हे एकट्या त्याचे झाले नाही. कर्नाटक सरकार विरुद्ध उमादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली, मंजूर पदांवर दहा वर्षे वा अधिक काळ न्यायालयाच्या हुकुमाच्या आधाराविना काम करीत राहिलेल्यांचा एकवार विचार करावा, असे सांगितले. त्यानंतर 'काम करीत राहणे' म्हणजे नेमके काय, यावर कार्यालयांतून ढीगभर कागद झिजले.

दवाखान्यात तर याहून जपायला हवे. 'गोळ्या कंटिन्यू करा' असे सांगून रुग्णाला वाटेला लावले जाते. क्षयरोगाच्या उपचारात पहिल्या टप्प्यानंतरच्या महिन्यांना अधिकृत नावच 'कंटिन्युएशन फेज' आहे. आणि नेमक्या त्याच महिन्यांत, बरे वाटू लागल्यावर, माणूस औषध सोडतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गंमत अशी की २०१७ साली रोजच्या गोळ्यांची पद्धत देशभर लागू होण्यापूर्वी सरकारी कार्यक्रमात हे औषध आठवड्यातून तीनदा दिले जाई. म्हणजे दिवसाआड घेतलेले औषधही न चुकल्यास अखंडच होते! आता हे त्या बाईला 'कंटिन्यू' या शब्दाने कसे कळावे? 'डॉक्टर सांगेपर्यंत एकही खाडा करायचा नाही' हे वाक्य तिला जन्मापासून कळते.

यावर ठरलेले दोन आक्षेप येतात. पहिला असा, की अखंड, सतत, अविरत हे तरी कोठे आपले, ते संस्कृताचे उसने. मान्य. पण सलग, खाडा, झड, लागोपाठ, सारखा हे कोणाचे? शिवाय आम्ही उसनवारीचे शत्रू नाही. 'कायम' अरबीतून आला, 'हमेशा' फारसीतून, 'रतीब'ही तिकडूनच. पंप आणि फाईल हे शब्द तर या लेखातच आम्ही बिनदिक्कत वापरले आहेत. 'कायम' आला तेव्हा नोकरीत कायम होण्याचा एक नवा अर्थ घेऊन आला, त्याला आपण जागा दिली. 'कंटिन्यू' कोणता नवा अर्थ घेऊन आला? तो आला आणि घरातल्या पंधरा माणसांना बाहेर काढून बसला.

दुसरा आक्षेप, भाषा प्रवाही असते. असते. पण शेजारी पाहा. आमच्या गावात एसटीच्या गाडीवर 'विनाथांबा' लिहिलेले दिसते आणि कर्नाटकाच्या गाडीवर 'तडेरहित'. दोघांचेही प्रवासी न चुकता चढतात. खेड्यांना न तुटणारी वीज देण्याच्या योजनेचे नाव कर्नाटक सरकारने 'निरंतर ज्योती' ठेवले. पाऊस थांबेना की कन्नड शेतकरी 'एडेबिडदे' म्हणतो, मध्ये जागा न सोडता. नोकरीची सारी वर्षे आम्ही कन्नडमध्ये टिप्पण्या लिहिल्या, त्यामुळे हे आम्ही ऐकीव सांगत नाही. कन्नड सहकाऱ्यांच्या बोलण्यातही इंग्रजी पुष्कळ असते, पण लिहायला बसल्यावर ते आपला शब्द शोधतात. आपण मराठी माणसे भाषेसाठी मोर्चे काढतो आणि घरी परतल्यावर मुलांना सांगतो, "अभ्यास कंटिन्यू कर."

बेळगावच्या काही प्रभागांत जागतिक बँकेच्या साहाय्याने २००८ च्या सुमारास नळाला रात्रंदिवस पाणी येऊ लागले. कागदोपत्री त्या योजनेला गणिताचे नाव, 'ट्वेंटी-फोर बाय सेव्हन'. लोकांनी तिला 'चोवीस तास पाणी' केले, आणि अभियंत्यांनाही तेच म्हणावे लागले. या अखंडपणात आरोग्याचा प्रश्न आहे: पुरवठा दिवसाआड असला की नळ रिकामे पडतात, दाब नाहीसा होतो आणि फटींतून बाहेरची घाण आत शिरते. धार तुटली नाही तर घाण शिरत नाही. हे गल्लीतल्या बायकांना कोणी परिभाषेत समजावले नव्हते.

न्यायासाठी उलट बाजूही सांगितली पाहिजे. आपले परिभाषा घडवणारेही कमी नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलांच्या कंटिन्युअस मूल्यमापनाची तरतूद आली, तेव्हा महाराष्ट्राने तिचे 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' असे नाव केले. सातत्य म्हणजेच सततपणा; तो पूर्ण भरलेले ते सातत्यपूर्ण! 'सतत' या तीन अक्षरी शब्दात काय कमी होते? असे शब्द ऐकले की शिक्षकही 'कंटिन्यू'कडे वळतो, आणि त्याला दोष देणे कठीण जाते.

असो. एक काम मात्र अगदी आमच्या हातातले आहे. या मंडळाच्या वार्षिक वर्गणीच्या पावतीवर गेली कित्येक वर्षे, 'सभासदत्व कंटिन्यू करावयाचे असल्यास येथे खूण करावी' असे छापले जात आहे. ज्यांची वर्गणी दोन वर्षे थकली आहे त्यांनी तेथे खूण केली, तर त्यांचे सभासदत्व मूळ तारखेपासून चालू धरायचे की आजपासून नवे, यावर गेल्या सर्वसाधारण सभेत पाऊण तास वाद झाला, हे उपस्थितांना स्मरत असेलच. पुढच्या छपाईत तेथे दोन चौकटी असाव्यात, अशी रीतसर सूचना आम्ही चिटणीसांकडे दिली आहे: 'चालू ठेवणे' आणि 'पुन्हा सुरू करणे'. पावतीपुस्तके संपत आली आहेत. नवी छापण्यापूर्वी कार्यकारिणीने निर्णय घ्यावा.